ब्रूनोचा कोरा कोपरा

ब्रूनोच्या प्रत्येक चित्राचा उजवीकडचा खालचा कोपरा कोरा असे. रंग संपले म्हणून नव्हे. चित्र ऐन भरात आलं की हा इटालियन गृहस्थ ब्रश खाली ठेवायचा आणि स्वच्छ मराठीत म्हणायचा, "पुरे."

हा शब्द त्याला मी शिकवला. नारायण पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोल्यांत तो भाड्याने राहायला आला, त्याच दिवशी आईने त्याला जेवायला बसवलं. पानातली पोळी संपायच्या आत दुसरी पडत होती. त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा ताटावर आडवा हात कसा धरायचा आणि काय म्हणायचं, हे मी त्याला दाखवलं. आई अर्थातच बधली नाही. शब्द मात्र त्याला भारी आवडला.

त्याच्या देशात त्याचं चित्रकार म्हणून नाव होतं. चित्रं विकली जायला लागल्यावर तो जणू 'पुरे' म्हणत सिनेमाकडे वळला. पहिल्याच सिनेमाला बक्षीस मिळालं. दुसरा त्याने पुण्यात केला, नदीकाठच्या एका धोब्यावर. सगळी पेठ बघायला गेली. धोबी कपडे धुतो, पिळतो, दोरीवर टाकायला हात वर करतो आणि सिनेमा संपतो.

आमचे शेजारी दामले मास्तर उठून म्हणाले, "अहो, निदान वाळेपर्यंत तरी थांबायचं."

"वाळतात ते आपल्याला माहीत आहे, मास्तर," ब्रूनो म्हणाला.

मी मात्र थक्क होऊन बसलो होतो. त्या धोब्यासमोरून मी रोज सायकलने जायचो, पण त्याच्या हाताच्या शिरा मला कधी दिसल्या नव्हत्या. ब्रूनोने त्या दाखवल्या.

पुढे तो कादंबऱ्या लिहायला लागला. तिथेही तेच. दार वाजतं, नायिका उघडायला जाते आणि पुस्तक संपतं. दाराशी कोण होतं म्हणून तिकडून वाचकांची पत्रं यायची. हा उत्तर धाडायचा, "दूधवाला."

एकदा मी विचारलंच, "तू कुठल्याच गोष्टीचा शेवट का करत नाहीस?"

"शेवट झाला की लोक उठून जातात," तो म्हणाला आणि चहा ढवळत राहिला.

मग आमचे वडील गेले आणि आईची अन्नावरची वासनाच उडाली. जेमतेम दोन घास घ्यायची आणि ताटावर आडवा हात धरायची. "पुरे." ती अंथरुणाला खिळली. असंच चाललं तर त्या उठायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी विनवून पाहिलं, बायको रडली, बहीण येऊन चिडून गेली. आईचा हात काही हलेना.

एका दुपारी ब्रूनो वाडग्यात मऊ भात घेऊन खाली आला. त्यांच्या पद्धतीचा, पण वर आमचं तूप. तो आईच्या उशाशी बसला. दोन घासांनंतर आईचा हात आडवा आलाच.

"एवढ्यात? माझ्या हातचं आवडलं नाही वाटतं, काकू. हा एवढा एक."

वाक्य आईचंच, सूरही तिचाच. आई त्याच्याकडे बघत राहिली. तो खालमानेने भात कालवत म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा मी शूटिंग करत होतो. तिला असा कुणी आग्रह केला की नाही, मला माहीत नाही."

आईने तोंड उघडलं. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर तो रोज दुपारी कादंबरी तशीच टाकून खाली यायचा. आई आधी उठून बसली, मग हिंडूफिरू लागली. तेव्हा त्याने तिचं चित्र काढलं. आईने चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत तपासलं. कोपऱ्यापर्यंत तिच्या लुगड्याचा हिरवा रंग भरलेला होता.

"कोपरा भरलास वाटतं."

"हो, काकू."

"बरं. हात धुऊन ये, पानं घेतलीयेत."

आई वाढत राहिली. ब्रूनोने एकदाही ताटावर हात आडवा धरला नाही.