सव्वा इंचाचा जावई

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी कुणावर जळणारा माणूस नाही! शेजाऱ्याने माडी चढवली, मी स्वतः जाऊन कौतुक करून आलो. ऑफिसात माझ्या हाताखालचा पोरगा माझ्या डोक्यावर साहेब होऊन बसला, त्याचं टेबल मी हौसेने लावून दिलं. फक्त साडूचं नाव निघालं की अंगाचा तिळपापड होतो. आता साडूवर जळणं याला काही कुणी जळणं म्हणत नाही.

हा माझ्या मेहुणीचा नवरा. म्हणजे मी थोरला जावई, तो धाकटा. माझ्याकडे एक जुनी, गोल दिव्यांची, जवळजवळ माझ्याच वयाची गाडी आहे. ती बघून त्यानेही अगदी तशीच शोधून काढली. घे बाबा! पण तेवढ्यावर भागेल तर तो साडू कसला? त्याने गाडीला नवे डिस्क ब्रेक बसवले. झालं! सासूबाई एकदा त्या गाडीत बसल्या आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगत सुटल्या, "धाकट्यांची गाडी जागच्या जागी थांबते हो! थोरल्यांची आपली... येते थांबत थांबत."

येते थांबत थांबत! मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मग मीही आमच्या गाडीच्या मिस्त्रीकडून चारी चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतले. त्याच्यापेक्षा मोठे! तेवढ्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना दवाखान्यात साडूच घेऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं, घरी नेताना धक्का बसता कामा नये. मी भर जेवणात जाहीर केलं, "आईंना घरी मी आणणार! माझ्या गाडीतून!"

बायकोने घास हातातच धरला. "अहो, झेपेल का तुम्हाला? आई म्हणत होती, धाकट्यांनाच सांगू."

"थोरला जावई जिवंत आहे म्हणावं अजून!" मी गरजलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या गॅरेजमधून ऐटीत गाडी बाहेर काढली. फाटकाशी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं. गेलं ते गेलंच! पाय जाऊन तळाला टेकला तरी गाडी आपली चालतेच आहे. हापशासारखा पाय मारमार मारला, तेव्हा कुठे ती थांबली. समोरून चाललेला मिस्त्री तोवर भिंतीला चिकटला होता.

हा मिस्त्री फार उत्साही माणूस. त्याने लगेच बॉनेट उघडलं. "मास्टर सिलिंडर लहान पडतोय साहेब! पेडल दाबलं की हाच ब्रेकला तेल ढकलतो. तुम्ही ब्रेक घेतलेत मोठे, त्यांना पाहिजे वाटीभर तेल, अन् हा जुना सिलिंडर देतोय चमचाभर! मोठा आणा, लगेच बसवतो."

"साडूच्या गाडीला केवढा आहे?"

"एक इंची. मीच तर बसवला!"

म्हणजे हा घरभेदी त्याचीही गाडी करतो! "मग मला एक इंची नको," मी म्हणालो. "त्याहून मोठा पाहिजे."

"आणा की! बसवायला काय जातंय?"

घरी येऊन मी दुकानांना फोन लावायला बसलो. "हॅलो, मोठा सिलिंडर आहे का? अहो, जुना पुरत नाही! उद्या सासूबाई घरी यायच्यात, त्याच्या आत पाहिजे!" असे किती फोन केले असतील. प्रत्येकाचं उत्तर एकच, नाही.

मान वर केली तर बायको दारात उभी. डोळ्यांत पाणी! "अहो, आईसाठी इतकी धावपळ करताय? मी मेली तुम्हाला उगाच काहीबाही बोलते." मला काही उमगलं नाही. पण ही बाई माझं कौतुक करते आहे हे बघून मी नम्रपणे मान खाली घातली. ती तडक बहिणीला फोन करायला आत गेली.

तासाभराने बेल वाजली. दार उघडतो तर दारात साडू! आणि त्याच्या खांद्यावर गॅसचा सिलिंडर! साधासुधा नव्हे, हॉटेलात असतो तो, माणसाच्या छातीपर्यंत येणारा. आणि गड्याला साधी धापसुद्धा लागलेली नाही!

"दादा, ताई म्हणाल्या तुम्हाला मोठा सिलिंडर मिळत नाहीये. आधी मला नाही का सांगायचं? ओळखीच्या हॉटेलवाल्याकडून आणला."

खरं सांगून टाकावं असं क्षणभर मनात आलं. पण "ब्रेकचा हवा होता" म्हटलं असतं, तर तो लगेच म्हणाला असता, "ब्रेक नाहीत? मग आईंना मीच आणतो!" मी दात विचकले. "अगदी हाच हवा होता!"

त्याने तो एका हाताने स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तो गेल्यावर मी दोन्ही हातांनी जरा सरकवून बघितला. माझी कंबर 'कट्' म्हणाली, सिलिंडर काहीच म्हणाला नाही.

सकाळी उठून थेट भंगार बाजार गाठला. तिथल्या दुकानदाराने कपाटामागून एक डबी काढली. "तुमच्या गाडीला हा बरोबर लागेल. एक इंची, कोरा आहे."

"याहून मोठा?"

"आहे सव्वा इंची. पण तो टेम्पोचा आहे, तुमच्या गाडीला कशाला..."

"द्या!"

मिस्त्रीने ठोकून, कानशी मारून तो बसवला. मग आत बसून पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. त्याचा चेहरा पडला. "पेडल जरा कडक झालंय, साहेब."

"जरा म्हणजे?"

"तुम्ही व्यायाम वगैरे करता ना?"

मी दाबून बघितलं. जात्यावर पाय ठेवल्यासारखं वाटलं! "सिलिंडर फार मोठा झाला की पायाला जोर लागतो," मिस्त्री म्हणाला. "मी सांगणारच होतो तुम्हाला."

"कधी?"

"हे काय, आत्ता!"

एवढ्यात बायकोचा फोन आला. आईंना सोडलंय, दवाखान्याच्या दारात बसल्यात, या लवकर! आता माघार घ्यायची म्हणजे साडूला बोलवायचं. त्यापेक्षा पाय मोडलेला परवडला.

निघालो. सासूबाई मागे, एका डोळ्यावर पट्टी. बायको माझ्या शेजारी. पहिला चौक लांबवर दिसताच मी ब्रेकवर पाय दिला. काही नाही! दुसरा पाय दिला. तरी काही नाही! शेवटी स्टिअरिंग घट्ट धरून सीटवरून उठलो आणि सगळं वजन पेडलवर टाकलं. डोकं टपाला टेकलं. गाडी सावकाश, अगदी सावकाश, पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे जाऊन थांबली. पुढच्या चौकात तेच. त्याच्या पुढच्याही चौकात तेच. मी घामाने निथळत होतो आणि बायको दाराचा दांडा धरून डोळे मिटून बसली होती.

"काय गं," मागून सासूबाईंचा आवाज आला, "हे दर चौकात उठून कुणाला मान देतात?"

"ओळखीचे पोलीस आहेत त्यांच्या," बायको डोळे न उघडता म्हणाली.

घर आलं. दारात साडूची चकचकीत गाडी उभी आणि तिच्याजवळ तो स्वतः! मी बऱ्याच अलीकडून पेडलवर उभा राहिलो. गाडी सरकत राहिली. साडूची गाडी जवळ आली. आणखी जवळ आली. हातभर अंतर राहिलं आणि आमचं धूड एकदाचं थांबलं.

सासूबाई उतरल्या. आता माझी उरलीसुरली अब्रू जाणार म्हणून मी मान खाली घातली.

"वा!" त्या म्हणाल्या. "याला म्हणतात गाडी चालवणं! कुठे धक्का नाही, हिसका नाही. परवा धाकट्यांनी नेलं तेव्हा दर चौकात माझं नाक पुढच्या सीटवर! आता तपासणीला न्यायचं ते थोरल्यांनीच."

मी साडूकडे बघितलं. त्याचा चेहरा काळवंडला होता. तसा चेहरा मी इतकी वर्षं रोज दाढी करताना बघत आलोय. काय आनंद झाला म्हणून सांगू!

जरा वेळाने तो मला कोपऱ्यात घेऊन गेला. "दादा, केवढा मास्टर टाकलाय?"

"सव्वा इंची," मी म्हणालो.

"मला द्या ना! बदल्यात माझा एक इंची घ्या."

एक इंची! माझ्या गाडीला अगदी बरोबर लागणारा! माझा उजवा पाय अजून लटलट कापत होता. हो म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी सुटलो असतो.

"छे छे!" मी म्हणालो. "अशा वस्तू काय देता येतात कुणाला?"

तेव्हापासून सासूबाई माझ्याच गाडीतून फिरतात. दवाखाना झाला, आता बँक, भाची, मैत्रिणी, सगळीकडे! माझी उजवी मांडी डावीच्या दीडपट झाली आहे. परवा शिंप्याने माप घेताना विचारलं, "साहेब, हा दुसरा पाय कुणाचा?"

काल मिस्त्रीचा फोन आला. साडूला म्हणे दीड इंची मिळालाय!

"मग पावणेदोन बघ!" मी ओरडलो.

"आहे की साहेब, ट्रकचा आहे. पण तो दाबायला दोन माणसं लागतील."

मी वळून बायकोकडे बघितलं. ती ओट्याशी उभी होती. तसे पाय मजबूत आहेत तिचे.