मास्तरांचा वाकडा कोपरा

सकाळी आठच्या ठोक्याला मास्तर व्याह्यांना घेऊन रानफुलांच्या बागेत हजर झाले. चाळीस वर्षं टेलरिंग केलेल्या मास्तरांना फुलांमधलं काडीचं कळत नव्हतं. पण इथला एक वाफा त्यांच्या लेकीनं लावला होता. 'आमची सून एवढं शिकून गवत लावते,' असं व्याही एकदा चारचौघांत बोलले होते, आणि ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं होतं.

वसंतात सगळी बाग फुलून आली होती. लेकीचा चेहरा मात्र उतरलेला.

"बाबा, आज अधीक्षकबाई वाफा बघणार आहेत. दोनदा नापास केलाय त्यांनी. आजही पसंत पडला नाही, तर तो काढून तिथं बाकडी टाकणार. मी त्यांना घेऊन येते. तुम्ही नुसतं बघा, हात लावू नका."

ती गेली आणि मास्तरांनी वाफा डोळे भरून पाहिला. जांभळी, पिवळी, पांढरी, सगळी फुलं ओळीत. दोन रोपांत बरोबर वीतभर अंतर.

"बघा व्याही, याला म्हणतात हात. लेक कुणाची?"

"ते खरंच. पण ती कोपऱ्यातली ओळ जरा सुटलीय का हो?"

सुटली होती. चांगली बोटभर. मास्तरांना घाम फुटला. बाईंनी दोनदा नापास का केलं, ते आता त्यांना लख्ख कळलं. त्यांनी खिशातली टेप काढली, लेकीचं खुरपं उचललं आणि एक रोप सरकवलं. तर शेजारचं मागं वाटू लागलं. ते काढलं, तर त्याच्या पलीकडचं डोळ्यांत खुपायला लागलं. पाच मिनिटांत चौदा रोपं मातीसकट बाहेर आली होती, आणि व्याही टेपचं दुसरं टोक धरून उकिडवे बसले होते.

"मास्तर, आल्या," व्याही कुजबुजले.

मग मापबीप कुठलं? हाताला येईल ते रोप सापडेल त्या खड्ड्यात गेलं. जांभळ्यात पिवळं घुसलं, एका जागी तीन दाटली, एक तर आडवंच राहिलं. मास्तर मातीचे हात पाठीमागे लपवून उभे राहिले.

अधीक्षकबाईंनी वाफा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पुन्हा तेच. अगं, रानात फुलं अशी रांग धरतात का? हे शिवल्यासारखं दिसतंय." लेकीनं मान खाली घातली. तेवढ्यात बाई कोपऱ्याशी थबकल्या. "हे कुणी केलं?"

लेकीनं कोपरा पाहिला, मग बापाचे मातीनं माखलेले कोपर. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"मी केलं, बाईसाहेब," मास्तर पुढे झाले. "चूक माझी आहे. पोरीला काही बोलू नका. तिचं काम एकदम सरळ आहे."

"तेच तर दुखणं आहे. सबंध वाफ्यात रान आहे ते एवढ्या कोपऱ्यात." बाई लेकीकडे वळल्या. "बाकीचा असाच कर. वाफा ठेवला. आणि उद्या यांनाही घेऊन ये."

"बाबा, टेप घरी ठेवून या," लेक म्हणाली. ती रडता रडता हसत होती.

परतताना फाटकावरच्या रखवालदाराला व्याह्यांनी आपणहून सांगितलं, "तो वाफा आमच्या सुनेचा बरं का." मास्तर सुखावले. मग व्याह्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, आजवर तुमच्या हातून एक तरी काम वाकडं झालं होतं?"

"हे पहिलंच," मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "आणि पहिल्याच खेपेला पास."