पाहुणा आणि बिनआवाजाचा फ्रिज

फ्रिज या विषयात मला कोणी शिकवायला येऊ नये. अर्धं आयुष्य मी दुसरं काही केलेलं नाही. लोक दुकानात फोन करतात, मी म्हणतो, फोन जरा फ्रिजच्या पाठीला लावा. आणि इथे बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून सांगतो की कॉम्प्रेसर गेलाय, पंखा अडकलाय, की काहीच बिघडलेलं नसून तुम्ही फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलाय. आमची ही म्हणते की तिचं बोलणं मी इतकं कान देऊन कधी ऐकलं नाही. खरं आहे. पण ती बिघडत नाही, फ्रिज बिघडतात.

तेव्हा मावशीचा पाहुणा थंड ठेवून आणायचं काम माझ्यावर आलं, यात नवल काहीच नाही.

पाहुणा म्हणजे कासव. फार वर्षांपूर्वी मावशीच्या बागेत आलं, दोन दिवस राहील म्हणून काकांनी त्याला पाला घातला, ते आजतागायत गेलं नाही. म्हणून नाव पाहुणा. या जातीची कासवं थंडीभर झोपतात, आणि ती झोप नीट लागायची तर गारवा एकसारखा हवा. काका दर वर्षी त्याचं वजन करायचे, भोकं पाडलेल्या खोक्यात कागदाच्या पट्ट्या भरायचे, त्यात त्याला ठेवून खोकं कोठीतल्या जुन्या छोट्या फ्रिजमध्ये सरकवायचे. तो फ्रिज अर्थात माझ्या हातचा. घड्याळासारखा चालायचा.

उन्हाळ्यात काका गेले. या थंडीत पाहुण्याला मावशीने एकटीने झोपवलं, काका कसं करायचे ते आठवून आठवून. मग घर विकलं गेलं, आणि आमच्या इमारतीत तळमजल्यावरची खोली तिच्यासाठी घेतली. घेणाऱ्यांना घराचा ताबा लगेच हवा होता, ते काही कासवाच्या झोपेसाठी थांबणार नव्हते. प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की प्रवासात गारवा मोडू देऊ नका. अर्ध्यात उठला तर अंगातली शिल्लक ताकद खर्च होईल, आणि या वयात ते त्याला झेपेलच असं नाही.

मावशीने मला एकच सांगितलं. "बाकी सामान फुटलं तरी चालेल. तो तेवढा नीट पोचव."

मी म्हटलं, "मावशी, हा माझा धंदा आहे."

प्रवास दोन दिवसांचा. मेहुण्याकडे गाडीमागे जोडायची कॅरव्हॅन होती, ती मागून घेतली. झोपायला फळ्या, छोटी शेगडी, हीटर, आणि मुख्य म्हणजे फ्रिज. किल्ल्या देताना मेहुणा म्हणाला, "भाऊजी, त्या फ्रिजचं जरा वेगळं असतं, गाडी चालू असताना..." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फक्त ठेवला. त्याला समजलं, तो गप्प बसला.

सकाळी खोकं फ्रिजमध्ये ठेवलं, बटण बॅटरीच्या चित्रावर केलं, गॅसचा सिलिंडर नियमाप्रमाणे स्वतःच्या हाताने बंद केला, आणि निघण्याआधी सर्वांना हुकूम सोडला. मुक्कामाला पोचेपर्यंत फ्रिजचं दार कोणी उघडायचं नाही. दार उघडलं की गारवा पायाशी सांडतो. हिने मान डोलावली. मावशी म्हणाली, मधे एकदा नुसतं बघू का? मी नाही म्हटलं. तिने वाद घातला नाही, पण गाडीत बसल्यावर तीनदा मागे वळून पाहिलं.

पहिल्यांदा चहासाठी थांबलो तेव्हा मी कॅरव्हॅनमध्ये शिरलो आणि फ्रिजला कान लावला. गाडीचं इंजिन मुद्दाम चालू ठेवलं होतं, म्हणजे फ्रिजला वीज मिळत होती. पण फ्रिज गप्प. गुणगुण नाही, थरथर नाही, काही नाही. मी बाजूने ऐकलं, खालून ऐकलं, गुडघे टेकून ऐकलं. फ्रिज बंद पडला होता!

घाबरण्यासारखं काही नव्हतं, मी होतो ना. बटणाशेजारी तीन चित्रं होती. बॅटरी, विजेची पिन आणि ज्योत. आता फ्रिजला ज्योत कशाला लागते? मी विचार केला आणि मला उलगडा झाला की हे जोरात चालवण्यासाठी असणार, गाड्यांवर नाही का ज्वाळा रंगवतात. बटण ज्योतीवर केलं. मावशीने विचारलं, ठीक आहे ना? मी म्हटलं, थोडा सुस्त होता, आता पळेल.

जेवणाला थांबलो तेव्हाही शांतता. मी थंडाव्याची चकती शेवटपर्यंत फिरवली. मावशीने निम्मं ताट तसंच ठेवलं आणि जाऊन फ्रिजच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. मी हुकमाची आठवण करून दिली. ती म्हणाली, "उघडत नाही रे. नुसती उभी आहे." मला तेव्हाच काही समजायला हवं होतं, पण मी चकतीच्या विचारात होतो.

संध्याकाळी मुक्कामाच्या मैदानात पोचलो. तिथे विजेची जोडणी होती, ती लावली, दिवे लागले; फ्रिजचं बटण मात्र मी ज्योतीवरच राहू दिलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, म्हणून हिने हीटर मोठा केला. मी हत्यारांची पिशवी काढली आणि बाहेर जाऊन फ्रिजच्या पाठीमागची जाळी उघडली. आत नळ्या होत्या, आणखी नळ्या होत्या, आणि जिथे कॉम्प्रेसर असायला हवा तिथे काहीही नव्हतं.

सगळा प्रकार माझ्या लक्षात आला. मी आत येऊन हिला बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं की तुझ्या भावाला कोणीतरी फसवलंय, त्याच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून विकलाय. ही म्हणाली, त्याला फोन करा. मी म्हटलं, हे दुःख त्याला समोरासमोर सांगितलेलं बरं.

कॅरव्हॅनमध्ये बाजूला घेऊन असं काही बोलता येत नाही. मावशी चार हात अंतरावर बसली होती. तिने विचारलं, "म्हणजे सकाळपासून बंदच आहे?"

 मला तिच्या तोंडाकडे बघवेना. इतकी वर्षं फ्रिजच्या जिवावर ताठ मानेने जगलो, आणि एकाच फ्रिजवर कोणाचा तरी जीव खरोखर अवलंबून होता, तो मी घालवला होता. मी खाली बसलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून पुन्हा दाराला कान लावला.

खर्र.

मी श्वास रोखला. थोडं थांबून पुन्हा, खर्र, खर्र. जड, खोल, लोखंडाला गंज चढल्यावर येतो तसा आवाज. "लागला!" मी ओरडलो. "मावशी, लागला! मोटर सुरू झाली!" कॉम्प्रेसर चोरीला गेलेला फ्रिज सुरू कसा होईल, हे मला मुळीच विचित्र वाटलं नाही, इतकी माझी अवस्था झाली होती.

मावशी उठली. माझ्या शेजारी जमिनीवर बसून तिनेही कान लावला. तिचा चेहरा माझ्यासमोर वीतभर अंतरावर होता आणि तो बदलत गेला.

"मोटर कसली," ती म्हणाली. "उठलाय तो."

माझ्या हुकमाची पर्वा न करता तिने दार उघडलं. आतून चक्क उबारा आला. खोक्याचं झाकण काढलं तर कागदाच्या पट्ट्यांमधून पाहुण्याने मान बाहेर काढली होती आणि पुढचा पाय खोक्याच्या भिंतीवर घासत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं. झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखं, कोण आहे म्हणून.

मी म्हटलं, "मावशी, चुकलो." पण ती ऐकत नव्हती. पाहुण्याला छातीशी धरून ती रडत होती, आणि मधेच हसत होती.

"मला कळतच नव्हतं रे," ती म्हणाली. "झोपलाय की गेलाय. तुझे काका नुसता हात लावून ओळखायचे, मला नाही कळलं. पट्ट्या कमी घातल्या का, आधीच उपाशी होता का, रोज तेच मनात. उघडून बघायचा धीर होईना आणि न बघता राहवेना. मला वाटायचं, मी फ्रिजमध्ये एक मेलेलं कासव सांभाळत बसलेय."

ही तिच्याजवळ जाऊन बसली. मी हीटरसमोरून माझे बूट उचलून जागा करून दिली.

डॉक्टरांना फोन केला. ते माझ्यावर बरंच बोलले, ते इथे सांगत नाही. मग म्हणाले, उठलाच आहे तर आता परत झोपवू नका, कोमट पाण्यात बसवा, ऊब द्या, खायला लागला तर धोका टळला. हिने भावालाही फोन केला. तो म्हणाला, त्या फ्रिजमध्ये मोटर नसतेच, म्हणून तो आवाज करत नाही, आणि ज्योतीवर तो गॅसवर चालतो. सिलिंडर उघडा आहे ना? हिने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी कोमट झालंय का ते बोट घालून बघत होतो.

पाहुणा कपडे धुवायच्या टबात बसला, पाणी प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कोबीचं पान खाल्लं. मावशीने गाडी थांबवायला लावून ते आम्हाला दाखवलं. उरलेल्या प्रवासात मी फक्त गाडी चालवली.

आता मावशी तळमजल्यावर राहते, शेजारीच माझं दुकान आहे. ऊन असलं की ती पाहुण्याला मांडीवर घेऊन दारात बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला हकिगत सांगते. म्हणते, माझ्या भाच्याचा हात कसा आहे म्हणून सांगू, त्याने फ्रिजला नुसता हात लावला आणि आत अशी ऊब झाली की महिनाभर निपचित पडलेला हा उठून बसला. अगदी अभिमानाने सांगते. परवा एक बाई त्यांच्या फ्रिजची तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि उद्या येते म्हणाल्या.

ही म्हणते, मावशीला आवरा, धंदा बसेल. बसेलही. पण उठून बसला म्हणताना मावशीचा आवाज अजून भरून येतो, आणि तेव्हा तिला मधेच कसं थांबवायचं ते मला जमत नाही. त्या बाई काही परत आल्या नाहीत.