सरदारापुढची परात

आमच्या निपाणीच्या गल्लीत सकाळी सहाला परात वाजायला लागली, की नवखा माणूस दार उघडून हात जोडतो. त्याला वाटतं, पालखी आली. पुढे सत्तरीच्या पद्माक्का, पदर खोचून, पळीनं परात बडवत: "सरकाऽ गं बायांनो, सरदार आलाय!" या बाया म्हणजे गल्लीतली मांजरं. मागे बऱ्याच अंतरावर सरदार, म्हणजे माझा मुधोळ कुत्रा. आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला फरफटत येणारा मी.

सरदार मी हौसेनं आणला. मुधोळ पाळणाऱ्याचा गावात रुबाब असतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. ही शिकारी जात आहे, पळणारं काहीही दिसलं की मागे सुटते, हेही सांगितलं होतं. पण मला रुबाबापुढचं ऐकूच आलं नाही. आता गल्लीच्या त्या टोकाला शेपटी हलली, की याचे कान ताठ होतात आणि मी गटाराच्या दिशेनं निघतो. शाळेत मी मुलांना घर्षण शिकवतो. सकाळी चपलेनं करून दाखवतो. बायको म्हणते, "पट्टा तुमच्याच गळ्यात घाला, त्याला धरायला सोपं जाईल."

पद्माक्का समोरच राहतात. जैन घर, तंबाखूचा जुना व्यापार. आता यजमान नाहीत, मुलगा बेंगळुरूला. मला आधी वाटायचं, यांना मांजरांची काळजी. तसं म्हणालो, तर माझ्यावरच डाफरल्या.

"मांजराचं काय वो मास्तर, त्ये जातंय भिताडावर चढून. पाप ह्याला लागतंय की! न कळणारा जीव त्यो."

एकदा माझ्या हातून पट्टा सुटला. सरदारानं एका बोक्याला गाठलंच होतं. बोका कसाबसा पत्र्यावर चढला. त्या दिवशी आक्कांनी उपवास धरला. "सरदाराचा हाय," म्हणाल्या. "त्याला जमतंय व्हय? म्हणून मी करालोय." पट्टा ज्याच्या हातून सुटला, त्यानं तोवर दोन बशा पोहे खाल्ले होते.

शेवटी लाजेकाजेस्तव मी बेळगावला गेलो आणि खडेबाजारातून सरदाराच्या तोंडाला बांधायची मुसकी आणली. मोठ्या फुशारकीनं आक्कांना दाखवली.

"आता तुमची सुटका, आक्का. उद्यापासून निवांत झोपा."

त्यांनी मुसकीला बोट लावून बघितलं. "बरं झालं की," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, तर आक्का दारात उभ्या. अंघोळ झालेली, इस्त्रीची साडी, हात रिकामे. मांजरं कठड्यावर निवांत बसली होती. सरदार ओढायचं सोडून आक्कांच्या पायाशी जाऊन थांबला.

"जा रं बाबा," त्या त्याला म्हणाल्या. "आता माझं काय काम न्हाय." मग माझ्याकडे न बघताच, "पोराचा फोन राती येतोय. तवर ह्यो आन् मी, आमी दोघंच बोलत हुतो."

वर्षभर मी समजत होतो, की या आमच्यासाठी तसदी घेतात. मी खाली वाकलो, मुसकी सोडली आणि पिशवीत टाकली.

"का वो, मास्तर?"

"टोचतीय त्याला."

आक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. माझं खोटं त्यांना कळलं होतं. आतून परात घेऊन आल्या, पायात चप्पल सरकवली.

"आज जरा लांबनं जाऊ या काय? बस्तीच्या देवळापल्याड लई दिवसांत गेलो न्हाय. तुमाला घाई न्हाय न्हवं?"

माझी शाळा सातला भरते.

"अजिबात नाही," मी म्हटलं.