एकाकी ज्येष्ठांसाठी भव्य बाइक रॅली

समाजसेवा गुपचूप केली तर ती समाजापर्यंत पोहोचत नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. म्हणूनच बोरीवलीच्या ‘गर्जना रायडर्स’ या संस्थेने आपल्या गाड्यांचे मूळचे सायलेन्सर काढून गर्जणारे बसवले. (कंपनीचा सायलेन्सर आवाज कमी करतो. ही त्रुटी आहे.)

संस्थेचे अध्यक्ष देवव्रत आठवडाभर विम्याच्या कचेरीत आणि रविवारी लेदरच्या जाकिटात असतात. एकाकी ज्येष्ठांच्या मदतीसाठी त्यांनी बोरीवली ते मुलुंड रॅली काढली. वर्गणी उत्तम जमली. तिच्यातून टी-शर्ट, झेंडे आणि घोडबंदर रोडवरची मिसळ असे अत्यावश्यक खर्च भागले. उरलेल्यात केळी बसली.

रॅली मुलुंडच्या वृद्धाश्रमात शिरली तेव्हा ज्येष्ठ झोपले होते. त्यांना सन्मानपूर्वक दचकवण्यात आले. संचालिका कुंदाताईंनी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं, केळी वाटली गेली, फोटो झाले. (फोटो केळं सोलायच्या आत घेतात. सोललेलं केळं दानासारखं दिसत नाही.)

तेवढ्यात शकुआजींनी देवव्रतची बाही धरली. "माका घाटकोपराक सोडशात काय रे? भैण हॉस्पिटलात आसा. सारखा माजाच नाव घेता."

बहीण वनमाला. डॉक्टरांनी 'भेटून घ्या' सांगितलं होतं. आश्रमाची गाडी गॅरेजात, आणि सगळ्यांना सोडून कुंदाताईंना निघता येईना. आजींना एकटं रिक्षात कसं बसवणार?

आवारातल्या चिंचेखाली रायडर्सची तातडीची बैठक झाली. बहुतेक गाड्यांच्या मागच्या सीट सौंदर्याच्या कारणास्तव काढलेल्या होत्या. ज्यांना होत्या त्यांवर सामान होतं. शिवाय रॅली एकाकी ज्येष्ठांसाठी होती, आणि आजींना तर बहीण होती. म्हणजे त्या नियमात बसत नव्हत्या.

"आजी, पुढच्या रॅलीत नक्की," देवव्रत म्हणाले.

"तवसर ती ऱ्हवतली काय?"

नवी सभासद गंधाली उठली, तिने मागच्या सीटवरची उरलेल्या केळ्यांची गोणी सोडली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. "हे धर. निलेश, हेल्मेट दे."

"अगं, पण रॅलीची लाइन तुटेल ना!" निलेश म्हणाला.

"लाइन गेली खड्ड्यात. दे ना यार."

आजींनी लुगडं खोचलं आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्या. "घट्ट धरा हां," गंधाली म्हणाली. "तू फुडे बघ," आजी म्हणाल्या.

हॉस्पिटलात वनमालाबाई जाग्या होत्या. दारातल्या आकृतीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. "शकू, ह्या काय घातलंस डोक्यार?" आजींना हसू आलं, मग रडू आलं, आणि हेल्मेटचं बक्कल काही केल्या निघेना. ते गंधालीने काढलं आणि ती बाहेर जाऊन उगाच मोबाइल बघत बसली. संध्याकाळपर्यंत आतून मालवणी भांडणाचा आवाज येत होता. त्याच आठवड्यात वनमालाबाई गेल्या.

संस्थेने गंधालीला नोटीस दिली: रांग मोडणे, तसेच अध्यक्षांना गोणी धरायला लावणे.

रॅलीचा व्हिडिओ मात्र झकास झालाय. संथ गतीत केळी, मागे बासरी. शकुआजींची रिकामी खुर्ची सफाईने कापून टाकली आहे. तो व्हिडिओ मला तुमच्याकडूनच आला. खाली तुम्ही लिहिलं होतं, 'अशा माणसांमुळेच जग चाललंय', आणि शेवटी तीन जोडलेले हात.

मी अंगठा दाखवला. तेव्हा पाहिला मीही नव्हता.