योग्य पाहुण्यासाठी राखलेली फुलं

थोरल्या हेमराजनं सुरतेजवळ कडोदऱ्यात कापड विणायचे स्वतःचे दोन लूम टाकले, त्या साली त्याच्या वडिलांना, हिलाल आबांना, एक सत्य सापडलं: चांगली वस्तू वापरली की संपते, म्हणून ती राखून ठेवावी.

आबांनी उधना भागातल्या आपल्या सोसायटीच्या भिंतीकडेला दसऱ्यानंतर बी टाकलं. कॉसमॉस, कॅलेंडुला, लार्कस्पर. एका हंगामाची, थंडीला न भिणारी फुलं. (सुरतेची थंडी स्वेटर सापडेपर्यंत संपते, त्यामुळे त्यांच्या शौर्याची परीक्षा झाली नाही.) पौषात भिंत अशी फुलली की रिक्षावालेसुद्धा तिथं थुंकेनासे झाले. कमिटीनं तातडीनं आबांना पुष्परक्षक नेमलं आणि आबांनी तातडीनं फुलं तोडायला बंदी घातली. अपवाद एकच: योग्य पाहुणा.

योग्यता तपासताना आबांनी कोणाची भीड ठेवली नाही. नगरसेवक आले, पण ते मतांपुरते. जावई आले, पण ते नेहमीचेच. माघात गणपती आले. त्यांना बाजारचा झेंडू चालतो, असा निर्णय झाला. (देवाची हरकत आली नाही.)

आबांच्या बायकोचं, उषाबाईंचं, हृदय थकलं होतं. खाटेवर पडून त्या खिडकीतून रोज तीच भिंत पाहायच्या.

"मले बी एक गुच्छा द्या ना हो. लगीनमा बी कोनी हातमा दिन्हा नही."

"म्हातारपनमा हौस! अन् घर पाव्हना उनात म्हंजे त्यास्ले काय देवू?" आबा म्हणाले.

"आबा, बियांच्या पाकिटावर लिहिलंय," नात हर्षदा म्हणाली, "तोडली की जास्त येतात. नाही तोडली तर झाड बी धरतं आणि वाळतं."

"पाकीटवाल्याचं काय जातं? त्याला पाकिटं खपवायचीत."

"मंग मले पाव्हनी समजा," उषाबाई म्हणाल्या.

आबांनी विनंती विचारात घेतली. विचार फाल्गुन सरेपर्यंत चालला. तोवर झाडांनी बी धरलं आणि ती वाळली. राखण पूर्ण यशस्वी ठरली: एकही फूल चोरीला गेलं नाही, एकही कामी आलं नाही. पुढच्या महिन्यात घरी पाहुणे पुष्कळ आले. हार बाजारातून आणावे लागले.

आबांना हसायला हरकत नाही. हसून झालं की आपल्या शोकेसमधले चांगले कप खाली काढा, धूळ पुसा, आणि त्यातून घरातल्या कोणाला कधी चहा दिला होता, ते आठवा.

उषाबाई चैत्र वद्य तृतीयेला सकाळी वारल्या.