दोन हात पांढरा

पोरीला डॉक्टर करणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं पेंटरनं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पोर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसलेली, पण पुस्तक उघडलं की तिचे डोळे मिटत. दुसरा बाप ओरडला असता, यानं ब्रश उचलला.

हां हां म्हणता घरभर अभ्यासक्रम उमटला. शेगडीवर हृदय, कपाटावर डोळा, बाथरूमच्या दाराला आतल्या बाजूनं फूल, पाकळ्या-परागांसकट. जेवणाच्या टेबलासमोर आतडी आली तेव्हा मात्र बायकोनं ताट उचललं आणि ती सरळ जिन्यात जाऊन जेवली. पण पोरीला खरंच पाठ व्हायला लागलं हो! सरावाच्या पेपरात ती डोळे मिटून मनातल्या मनात घरभर फिरायची आणि धडाधड उत्तरं लिहायची. पेंटरची छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटलं.

अन् तेवढ्यात अभ्यासक्रम बदलला. फूल गेलं, त्याच्या जागी मूत्रपिंड आलं. पोर रडकुंडीला आली. पेंटर म्हणाला, रडतेस काय, पुसून देतो. फुलावर त्यानं पांढऱ्याचा एक हात मारला आणि वर ऐटबाज मूत्रपिंड काढलं. गिऱ्हाइकाच्या पाटीला तो नेहमी दोन हात द्यायचा. घरच्या कामाला कशाला, असा हिशेब त्यानं केला आणि तिथंच माती खाल्ली.

आठवड्याभरात खालचं फूल वर डोकावायला लागलं. पोरीला वाटलं, बाबांनीच काढलंय म्हणजे असेलच. पुढच्या पेपरानंतर क्लासच्या सरांनी पेंटरला बोलावून घेतलं आणि तिनं काढलेली आकृती समोर धरली.

"मूत्रपिंडाला पाकळ्या कधीपासून फुटल्या?"

पेंटर आकृतीवर वाकला आणि आपल्याच पाकळ्या ओळखून ओशाळला. मग अपराधी आवाजात म्हणाला, "सर, चूक तिची नाही. एकच हात मारला होता मी."

सरांना वाटलं, यानं पोरीला मारलं. पुढचा तासभर त्यांनी मुलांना हात लावू नये या विषयावर त्याला असं काही झापलं की बिचाऱ्याला रंगाचा हात समजावून सांगायची संधीच मिळाली नाही. घरी आला तो थेट डबा उघडून बसला. दाराला दोन हात, वर नवं मूत्रपिंड, बिनपाकळ्यांचं.

खऱ्या परीक्षेत पोर सारखी मागं वळून बघत होती, कारण मनातल्या बाथरूममध्ये शिरलं की मूत्रपिंडाचं दार पाठीमागं. पर्यवेक्षकानं दोनदा दम दिला. तरी पठ्ठी पास झाली, मेडिकलला लागली आणि सामान घेऊन हॉस्टेलवर गेली. पेंटर नुसता हवेत होता.

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"बाबा, उद्या तोंडी परीक्षा आहे. मनातल्या मनात घरभर फिरतेय, पण दाराआडचं मूत्रपिंड नीट दिसतच नाहीये. तेवढा एक फोटो पाठवा ना."

"अगं, ते दार..." पेंटर चाचरला. लेक डॉक्टर होणार या आनंदात त्यानं कालच सगळं घर पांढरंशुभ्र केलं होतं. बायको तर कित्येक महिन्यांनी टेबलाशी बसून जेवली होती.

"बाबा, रंगवलंत की काय?" पोरीनं विचारलं. मग जरा आशेनं म्हणाली, "किती हात?"

"दोन," पेंटर म्हणाला.